हुंकार कोण देणार?

दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका गावी मागच्या उन्हाळ्यात दशक्रियेला गेलो होतो. गेलेली बाई सत्तरी ओलांडलेली, नात्याने माझी लांबची मावशी. प्रवचन झालं, मुलाने घाटाच्या पायरीवर पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. ही वेळ मोठी अवघड असते. कावळा शिवेना की मयताची काही इच्छा राहिली असं आपल्याकडे समजतात. मग जवळचं कोणीतरी पुढे होतं आणि हात जोडून सांगतं, धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका. यावर श्रद्धा असो वा नसो, या रिवाजात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, हे मागे राहिलेल्यांपैकी कोणाला तरी ठाऊक असणार.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मांडवातल्या माना एकेक करून खाली झुकल्या, मांडीवरच्या फोनमध्ये गेल्या. एक-दोघे व्हिडिओ काढत होते. मुलगा हात जोडून उभा, आणि त्याला काय बोलावं ते सुचेना. मुलगा वाईट नाही. पुण्यात नोकरीला असतो, आईला रोज रात्री न चुकता फोन करायचा. शेवटी शेजारची एक म्हातारी बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "तांबडी शेळी इकणार नाय म्हण, दादा. लई जीव व्हता तिचा." तो तसं म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज फुटला. थोड्या वेळाने कावळा आला. तो त्या बोलण्यामुळे आला असं मी म्हणणार नाही. पण शेजारणीला शेळीचं ठाऊक होतं, कारण रोज दिवस मावळताना ती मावशीच्या ओट्यावर तासभर बसायची आणि मावशीच्या बोलण्याला "हं" म्हणायची.

या "हं"ला मराठीत हुंकार म्हणतात. माझी आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबायची. आमच्यापैकी कोणी हुंकार दिला तरच राजा पुढच्या वनात जाई. हुंकार थांबला की तिला कळायचं, पोरं झोपली, आता गोष्ट थांबवावी. सांगणारा आणि ऐकणारा मिळून गोष्ट होते, हे आम्ही तेव्हा शिकलो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्यायही श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. ज्ञानेश्वरांसारख्या वक्त्यालाही आधी ते मागून घ्यावंसं वाटलं.

मोबाईलमुळे माणसं माणसांकडे बघेनाशी झाली, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. व्याख्यानांत, पालक सभेत, कीर्तनातसुद्धा. तिच्यावर बरंच संशोधन झालंय, सरकारांनी कायदे केलेत, गावांनी भोंगे वाजवलेत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून, माझ्या रोजच्या वाटेवरून, या सगळ्याकडे बघितलं तर काय दिसतं ते मांडायचा हा प्रयत्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्याकडे लक्ष देणं ही एकट्याच्या मनोनिग्रहाची गोष्ट म्हणून आपण बघतो, म्हणून हरतो. लक्ष ही मिळून राखायची गोष्ट आहे, आणि ती कशी राखायची हे आपल्या गावांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

आधी फोनची बाजू मांडली पाहिजे, कारण व्याख्यानांत ती कोणी मांडत नाही.

शिरूरच्या पश्चिमेला आणि उत्तरेला, घोड नदीच्या पट्ट्यात, ऊस दाट आहे आणि उसात बिबट्या आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं होती. ज्या गावात संध्याकाळी सहानंतर अंगणात पाऊल टाकायची भीती वाटते, तिथे शेतीपंपाची लाइट मात्र बऱ्याचदा रात्रीचीच असते. अशा वेळी मोटारीच्या पेटीत सिमकार्ड घातलेला ऑटो स्टार्टर म्हणजे काय, हे त्या घरच्या बाईला विचारावं. घरातून फोन लावला की मोटार चालू होते, बंद पडली की तिचा उलट फोन येतो. नवरा रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन उसातून जात नाही. वनखात्याची माणसंही अंधारात एकटं जावं लागलं तर मोठ्याने बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा, असंच सांगतात. ग्रामसुरक्षा यंत्रणा नावाची सोय आहे. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, की एका माणसाने ठरलेल्या नंबरवर बोलायचं आणि त्याचा आवाज त्याच क्षणी गावातल्या शेकडो फोनवर जातो. पूर्वी दवंडी पिटायला लागायचा त्या वेळात आता अख्खं गाव जागं होतं. एकमेकांकडे लक्ष ठेवण्याचं याहून मोठं साधन गावाला कधी मिळालं नव्हतं.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीभोवती कारेगाव, ढोकसांगवी भागात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. विदर्भ-मराठवाड्यातली, बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं तिथे राहतात. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री बाराला एखाद्या खोलीत भात शिजत असतो आणि तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये आई असते. दोघं फार बोलत नाहीत. तो कांदा चिरतो, ती बघते. त्या पोराला फोन बाजूला ठेव म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. याच रांजणगावात एलजीच्या कारखान्यात एकेकाळी मोबाईल हँडसेटही तयार होत. तेव्हा ते हातात असणं ही मिरवायची गोष्ट होती.

मग घोटाळा झाला कुठे? हा बदल दोन टप्प्यांत झाला असं मला दिसतं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. गावातल्या पोरांच्या हातातला फोन बोलण्याचा होता, तो बघण्याचा झाला. दुसरा टप्पा मार्च २०२०चा. करोनात शाळा बंद पडल्या आणि शाळेनेच सांगितलं की मुलाला फोन द्या. अभ्यास व्हॉट्सअॅपवर येऊ लागला. ज्या बापाने पोराला फोनला हात लावू दिला नव्हता त्याने शेळी विकून फोन आणला. शाळा उघडल्या, पण फोन पोराच्या हातातून परत आला नाही. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेली होती ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के.

टीव्ही आला तेव्हाही हीच ओरड झाली होती, असं काही जाणती माणसं म्हणतात. झाली होती. पण १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या आळीत टीव्ही एक होता आणि त्यासमोर पन्नास माणसं. रावणाने सीतेला उचललं तेव्हा पन्नास जणांनी एकदम उसासा टाकला होता. तो पडदा सामायिक होता. आता पाच माणसांच्या घरात चार पडदे आहेत. एकजण हसला तर बाकीचे का हसला म्हणून बघतात, आणि तोही सांगत बसत नाही. शिवाय आताच्या पडद्याला शेवट नाही. मालिका अर्ध्या तासाने संपायची. बोटाने सरकवत राहिलं की खाली नवीन येतच राहणारं पान २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन संरचनाकाराने तयार केलं, आणि पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला. माहिती उदंड झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, असं हर्बर्ट सायमन हा अर्थतज्ज्ञ १९७१ सालीच सांगून गेला होता. त्या दुष्काळावर धंदा उभा राहिला. हे लक्षात घेतलं की पोराला आळशी म्हणणं निदान थोडं कमी होतं.

संशोधनाचा पसारा मोठा आहे, त्यातलं सगळंच पक्कं नाही. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या एका अभ्यासात सुमारे ८०० जणांची परीक्षा घेतली. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांना चांगले गुण पडले. ज्यांचा फोन समोर पालथा पडला होता, वाजतही नव्हता, ते मागे पडले. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा निष्कर्ष प्रत्येक वेळी तसाच आला नाही, म्हणून त्यावर मी फार भार टाकणार नाही. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी मात्र वीस वर्षं एकच गोष्ट मोजली. माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतो? २००४ साली सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद.

मला सगळ्यांत जास्त हलवून गेला तो मोबाईलच्या कितीतरी आधीचा प्रयोग. १९७०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी केलेला. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळत असते. मग तिला सांगितलं जातं की दोन मिनिटं चेहरा कोरा ठेव, बघ पण प्रतिसाद देऊ नकोस. बाळ आधी हसतं. मग हात पुढे करतं, बोट दाखवतं, किंचाळतं. मग तोंड फिरवतं आणि रडू लागतं. दोन मिनिटांत. तो कोरा चेहरा मी दौंड स्टेशनवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत रोज बघतो. फोनमध्ये बघणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच असतो. फरक एवढाच की त्या आईला दोन मिनिटांनी हसायची परवानगी होती. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना नातेवाइकांचा एखादा व्हिडिओ कॉल सोडला तर दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको म्हणते. ते बाळाच्या हातातल्या पडद्याबद्दल आहे. बाळाच्या समोरच्या माणसाच्या हातातल्या पडद्याचं काय करायचं, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

इथे मला अंगणवाडीबद्दल बोललं पाहिजे, कारण या प्रश्नाची ही बाजू आढाव्यांतून सुटते. सेविकांना २०२१पासून पोषण ट्रॅकर नावाच्या अॅपवर नोंदी कराव्या लागतात. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत करून आंदोलन केलं होतं. आता त्यात लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवायचीही भर पडली आहे. गेल्या वर्षी एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मी तासभर बसलो होतो. एक ऊसतोड मजुरीण दीड वर्षाच्या पोरीला घेऊन आली. सेविकेने फोन तिच्या तोंडासमोर धरला. पदर मागे घे. उजेडाकडे बघ. हललीस. रेंज गेली. बाहेर लिंबाखाली ये. परत पदर मागे घे. पोर वजनकाट्यावर बसलेली, तिचे केस पिंगट, पोट पुढे आलेलं, आणि ती काट्यावरून खाली उतरायला बघत होती. वीस मिनिटांनी चेहरा जुळला. सेविका घामाने भिजली होती. ती मला म्हणाली, "आधी मी पोराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, रक्त आहे का नाही. आता फोन जुळला की माझा जीव भांड्यात पडतो, आणि पुढची बाई आलेली असते."

ही बाई फोनच्या आहारी गेलेली नाही. तिचं लक्ष तिच्याकडून काढून घेतलेलं आहे. शिक्षकांचंही तेच. खिचडीची नोंद, हजेरी, वृक्षारोपणाचा फोटो, गटावर टाका, आत्ता टाका. मुलांसमोर मोबाईल वापरू नका असं त्यांना सांगणारं परिपत्रकही मोबाईलवरच येतं. गावाने घराला शिस्त लावायची तर सरकारने आपल्या माणसांना आधी मोकळं केलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

साधन एवढं वाईट असतं तर शिक्रापूरजवळची वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा नावारूपाला आली नसती. तिथे मुलांच्या हातात टॅबलेट होते. पण दत्तात्रय वारे गुरुजींनी तिथे 'विषयमित्र' ही पद्धतही रुजवली होती. ज्याला एखादी गोष्ट येते त्याने न येणाऱ्याला शिकवायची. शिकवायचं म्हटलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं, कळलं की नाही ते तिथेच दिसतं. पडदा असूनही मुलं एकमेकांकडे वळलेली राहिली, कारण वळायचं काम ठरवून दिलेलं होतं.

आता भोंग्यांकडे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे ३,००० वस्तीच्या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. सरपंच विजय मोहिते यांनी हे ग्रामसभेत मांडलं तेव्हा आधी लोक हसले, मग बायकांनी उचलून धरलं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक गल्लोगल्ली फिरत. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. २०२४च्या अखेरीला नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने शिवीगाळीवर दंड लावला आणि शाळकरी मुलांसाठी संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल बंद केला. बेळगावजवळच्या हलग्यातही त्याच सुमारास सातचा भोंगा सुरू झाला. जगात याहून मोठे नियम झालेत. फ्रान्सने २०१८ साली शाळांतून फोन हटवले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांची खाती बंद केली.

यांत मला बान्सीपेक्षा वडगावचा मार्ग भावतो. तिथे पोराबरोबर बापाचाही फोन बंद होतो. आणि सगळ्यांचा एकदम बंद होतो, म्हणून आपण मागे राहिलो असं कोणाला वाटत नाही. घरातल्या एकाने फोन ठेवला तर तो एकटा पडतो. गावाने ठेवला तर ओटे भरतात.

पण शिरूर-दौंडमध्ये सातचा भोंगा चालेल असं मला वाटत नाही, आणि याचं कारण आळस नाही. संध्याकाळी सातला रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांत दुसरी पाळी चालू असते, तिथल्या बायका घरच्या फोनची वाट बघत असतात. पुण्याहून दौंडकडे येणारी संध्याकाळची गाडी पासधारकांनी खचाखच भरलेली वाटेत असते. गळीत हंगामात कारखान्याची तोड कधी येईल याचा निरोप कोणत्याही क्षणी येतो. आणि उसाच्या कडेच्या वस्तीवर फोन बंद ठेवा असं कोण सांगेल? वडगाव हे एका घड्याळावर चालणारं गाव आहे. आमच्याकडची घड्याळं निरनिराळी आहेत.

जुन्या काळाची आठवण काढताना आणखी एक गोष्ट डोळ्याआड होऊ नये. पूर्वी माणसं एकमेकांचं ऐकायची, असं आपण म्हणतो तेव्हा कोण कोणाचं ऐकायचं? सासऱ्याचं सून ऐकायची, नवऱ्याचं बायको, मालकाचं सालगडी. हुंकार देण्याचं काम बायकांचं होतं आणि त्यांच्या बोलण्याला हुंकार जात्याचा होता, नाहीतर शेजारणीचा. दौंड तालुक्यातच केडगावला याचं मोठं उदाहरण आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेला, धर्मशाळांत टाकून दिलेल्या मुलींना, बालविधवांना गोळा करून त्यांनी केडगावला आणलं. त्या काळी कोणाच्याच हातात फोन नव्हता. मन विचलित करणारं काही नव्हतं, आणि तरी त्या मुली कोणाला दिसत नव्हत्या. रमाबाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, केडगावच्या मुक्ती सदनातल्या अंध मुलींना ब्रेल शिकवली. लक्ष म्हणजे डोळे मोकळे असणं एवढंच असतं तर रमाबाईंची गरज पडली नसती. आज घरातली सून जेवणं आटपून रात्री दहाला फोन हातात घेते आणि माहेरच्या मैत्रिणीशी बोलते, तेव्हा सासूला तो फोन खुपतो. त्या सुनेला दिवसभरात हुंकार देणारं घरात कोणी आहे का, हे आधी विचारलं पाहिजे.

माझ्या स्वतःच्या घरातलं एक सांगतो. वडील, म्हणजे अण्णा, थकले तेव्हा त्यांना बोलायला एकेक वाक्य जुळवावं लागे. एकदा ते १९७२च्या दुष्काळात नाला बंडिंगच्या कामावर खडी फोडायला गेले होते त्याचं सांगत होते. हजेरी घेणारा मुकादम कोण होता, सुकडी कशी वाटायचे. माझ्या खिशात फोन थरथरला. मी बघितलं, दोन सेकंद, आणि परत वर बघितलं. अण्णा थांबले होते. मी म्हटलं, "सांगा ना अण्णा, ऐकतोय मी." ते म्हणाले, "होऊ दे तुझं आधी." आवाजात राग नव्हता, खरंच माझं काम आधी होऊ द्यावं असं त्यांना वाटत होतं. त्या मुकादमाचं नाव त्यांनी मला कधीच सांगितलं नाही आणि आता ते सांगणारं कोणी उरलं नाही. फोनवर काय आलं होतं ते मला त्याच संध्याकाळी आठवत नव्हतं.

लक्ष मिळून राखायची गोष्ट आहे असं मी वर म्हटलं, त्याचे दोन नमुने या दोन तालुक्यांत रोज चालू आहेत.

पहिला दौंड जंक्शनवर. मनमाडकडची लाइन १८७८ साली सुरू झाली तेव्हापासून दौंड हे रेल्वेचं गाव आहे. ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांच्या तीन-तीन पिढ्या तिथे आहेत. गाडी चालवताना लोको पायलट आणि त्याचा सहायक समोर येणारा प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणतात. एकाने हात दाखवून "डबल यलो" म्हणायचं, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच परत म्हणायचं. असा रेल्वेचा नियमच आहे, आणि धावत्या गाडीत मोबाईल बंद ठेवायचाही. मध्यरात्री इंजिनात दोनच माणसं, समोर काळोख, मागे हजारभर झोपलेली, आणि दर थोड्या वेळाने एक हाक आणि तिला एक प्रतिसाद. रेल्वेने माणसाच्या सावधपणावर विश्वास टाकला नाही. माणूस थकतो, त्याचं मन भरकटतं, हे धरून चालून तिने हुंकाराचा नियम केला. उसाच्या ट्रॅक्टरवर याच्या उलट चित्र असतं. दोन ट्रॉल्या मागे, कर्णा फुल आवाजात, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. टेप काढून ठेवा अशा सूचना दर हंगामात निघतात. त्या ड्रायव्हरशेजारी सिग्नल परत म्हणणारा कोणी नसतो, रात्रभर झोप घालवायला त्याच्याजवळ तो कर्णाच असतो.

दुसरा नमुना अखंड हरिनाम सप्ताहाचा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही. म्हणून आधीच पहारे लावतात. गावातल्या माणसांच्या नावांची यादी होते, कोणाचा पहारा दुपारचा, कोणाचा रात्री दोन ते चारचा. आपल्या पहाऱ्यात वीणा आपल्या खांद्यावर. बाकीचा वेळ शेतात जा, कामावर जा, झोपा. कोणीही सात दिवस जागत नाही, आणि तरी सात दिवस वीणा जागी राहते.

घरातल्या लक्षाची व्यवस्था मला या पहाऱ्यासारखी लावावीशी वाटते. आमच्याकडे गेले काही महिने तसं चाललं आहे. संध्याकाळी जेवायच्या वेळी एकाचा फोन चालू, बाकीच्यांचे उतरंडीशेजारच्या कोनाड्यात. ज्याचा पहारा त्याने सगळ्यांचे फोन घ्यायचे, मोटारीचा, कारखान्याचा, पाहुण्यांचा. दुसऱ्या दिवशी पहारा दुसऱ्याचा. आईलाही पहारा आहे, म्हणजे बाकीच्या दिवशी तिलाही कोणाचा फोन घ्यायला जेवणावरून उठायचं नाही. भोंगा नाही, बंदी नाही, आणि बिबट्या आला तर कळेलच. पहिले आठ दिवस सगळे गप्प जेवले. काय बोलायचं ते आठवत नव्हतं. मग धाकट्या पुतणीने शाळेतलं काहीतरी लांबलचक सांगायला घेतलं, जेवण होऊन हात वाळले तरी तिचं चालूच होतं.

गेल्या श्रावणात गावच्या सप्ताहात माझा पहारा रात्री दोनचा होता. देवळात आम्ही चौघं. वीणा खांद्यावर घेतलेला माझ्या आधीचा शेतकरी डोळे मिटून पावलं टाकत होता. तेवढ्यात देवळाच्या कोनाड्यात ठेवलेला त्याचा फोन थरथरला, भिंतीवर निळा उजेड पडला. मोटार बंद पडल्याचा स्टार्टरचा फोन होता. त्याने डोळे उघडले नाहीत. चारच्या पहाऱ्याचा पोरगा सतरंजीवर आडवा झाला होता, तो उठला, फोन उचलून कानाला लावला आणि देवळाबाहेर पडताना दारातून म्हणाला, "फेज गेलाय, तात्या. मी बघतो." तात्यांनी मान हलवली, "हं" म्हणाले, आणि टाळाच्या ठेक्यावर पुढचं पाऊल टाकलं.